चाळिशीत लाईन बदलताय? राजीनामा देण्याआधी हे वाचा



गेल्या दिवाळीनंतर अवसरी बुद्रुकला आपला एक दिवसाचा वर्ग झाला. चाळीसेक लोक होते. वर्ग संपला, सतरंज्या गोळा झाल्या, चहा झाला, आणि मी गाडीकडे निघालो तेव्हा एक जण मागून आले. वय ४२. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्समध्ये फिटर, नोकरीला १६ वर्षं झालेली. नाव सांगत नाही, त्यांना आपण दादा म्हणू.

दादांनी फोन पुढे केला. त्यात राजीनामा टाईप केलेला होता, फक्त तारीख टाकायची बाकी होती. म्हणाले, "सर, तुमचा तो व्हिडिओ बघूनच लिहिलाय. आता मशीन-बिशीन बास. लाकडी घाण्याचं तेल काढायचं ठरवलंय. लाईनच बदलायची पूर्ण."

खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. कारण तो व्हिडिओ मला आठवत होता. 'हिंमत असेल तर नोकरी सोडा' अशा धाटणीचा होता. चालला पण चांगला. पण त्या व्हिडिओनं दादांच्या घरचा हप्ता भरला जाणार नव्हता.

म्हणून आजचं हे लिखाण. माझं मत आधीच सांगून टाकतो: चाळिशीत क्षेत्र बदलायला माझी हरकत नाही, उलट कित्येकांनी बदलायलाच हवं. पण 'सगळं सोडून शून्यापासून सुरुवात' हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो देणाऱ्यांत मीही होतो.

आधी माझीच गोष्ट

मी ३६ वर्षांचा असताना वसुलीची नोकरी सोडून स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. का? तर मला वसुलीचा कंटाळा आला होता. बस, एवढंच कारण. स्टेशनरीतलं मला काही कळत नव्हतं. जूनमध्ये वह्यांची गर्दी होते हे माहीत होतं, पण ऑगस्टपासून पुढे काय विकायचं याचा विचारच नव्हता. होलसेलवाल्याकडून माल उधार घ्यायचो आणि शाळेच्या मुलांना, ओळखीच्या लोकांना उधार द्यायचो. १४ महिन्यांत शटर ओढलं. बायकोचं गंठण मोडलं, ते मी तिला मोडल्यावर सांगितलं. पैसा नंतर फिटला, पण ती गोष्ट अजूनही घरात निघते.

यातलं एक मला फार उशिरा कळलं. दुसऱ्याकडून पैसे कसे मागायचे, कोण देईल, कोण टाळेल, हे आठ वर्षांच्या वसुलीतून मला पक्कं येत होतं. आणि दुकानात मी नेमका त्याच गोष्टीवर मार खाल्ला. कारण 'ते जुनं आयुष्य संपलं' असं मी ठरवून टाकलं होतं. जुन्या कामाचा राग आला म्हणून जुनं शहाणपणही फेकून दिलं.

मोठ्या माणसांनी खरंच सगळं सोडलं होतं का?

आपल्याकडे उदाहरणं देताना अर्धीच गोष्ट सांगायची सवय आहे. आता पूर्ण बघू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवायचे. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. मास्तर ते दुकानदार! पण तिथेच थांबले नाहीत, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला तर घ्यायला कोणी नाही. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढे औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जन्म १८६९ चा, म्हणजे तो माळ वसवायला घेतला तेव्हा ते चाळिशीत होते.

आता नीट बघा. मास्तरकी सुटली, पण ड्रॉइंगचा हात सुटला नाही. यंत्राचा भाग कागदावर काढता येणं हीच त्यांची पुंजी, ती वर्गातून दुकानात आणि दुकानातून कारखान्यात आली. आणि नांगर खपत नसताना ते एकट्या नांगरावर बसून नव्हते. आधीचा धंदा हाताशी होता.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावचे सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे दोघे भाऊ. बँकेतल्या नोकऱ्या सोडून सेंद्रिय शेतीत आले, 'टू ब्रदर्स' नावानं तूप, धान्य विकायला लागले. लोक म्हणतात, बँकवाले शेतकरी झाले. पण शेतजमीन घरची होती, आणि शहरातला गिऱ्हाईक काय विचार करतो हे बँकेतल्या दिवसांनी शिकवलेलं होतं. माल शेतात पिकला, पण शहरातल्या स्वयंपाकघरात पोचला तो या समजेमुळे.

राजीव सामंत अमेरिकेत ऑरॅकल कंपनीत होते. परत येऊन नाशिकजवळच्या वडिलांच्या जमिनीवर आधी आंबा लावून बघितला, मग खायची द्राक्षं केली, आणि त्यानंतर वाईनचा विचार आला. 'सुला' हे नाव आईच्या सुलभा या नावावरून. वाईन चांगली की वाईट हा वेगळा विषय, तो आज नको. मला सांगायचंय ते एवढंच की त्यांची पहिली कल्पना चालली ती नव्हती. तिसरी चालली. आणि तीन कल्पना करून बघण्याइतका दम त्यांच्याकडे होता, कारण जमीन घरची होती.

आणि तुमच्या अगदी दाराशी, अवसरी फाट्यावर, १९९२ साली देवेंद्र शहा यांनी दुधाचा उद्योग सुरू केला. त्या काळात दूध जास्त झालं की सहकारी संघ 'सुट्टी' जाहीर करायचे, म्हणजे त्या दिवशी शेतकऱ्याचं दूध घेतच नसत. गाय मात्र सुट्टी घेत नाही! ते शिल्लक दूध कोणीतरी घ्यायला हवं होतं. धंद्याची सुरुवात एका अडचणीतून झाली, आवडीतून नाही.

या चारही उदाहरणांत मला तीन गोष्टी सारख्या दिसतात. काहीतरी जुनं बरोबर नेलेलं आहे, चुकायला जागा ठेवलेली आहे, आणि समोर कोणाची तरी खरी गरज आहे. 'मला कंटाळा आलाय' हे यातल्या एकाचंही भांडवल नव्हतं.

कंटाळा नेमका कशाचा?

दादांना मी पहिला प्रश्न हाच विचारला. मशीनचा कंटाळा आलाय की चाकणच्या ट्रॅफिकचा? कामाचा राग आहे की सुपरवायझरचा? नाईट शिफ्टचा त्रास आहे की १६ वर्षांत पगार हवा तसा वाढला नाही याचा?

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मशीन बंद पडलं की अजूनही हात शिवशिवतात. पण ज्याला मी काम शिकवलं तो पोरगा आज माझा साहेब आहे."

बघा. हे ऐकल्यावर गोष्ट बदलते. या माणसाला लाईनचा कंटाळा नाही, त्याचा मान दुखावलाय. मान दुखावलाय म्हणून तेल काढायला गेलात तर तेलाच्या धंद्यातही मान दुखावणारी माणसं भेटतातच. शंभर रुपयांसाठी वाद घालणारं गिऱ्हाईक सुपरवायझरपेक्षा जास्त बोलतं, आणि त्याच्यापुढे हसावं लागतं.

कंटाळा शिफ्टचा असेल तर दुसरी कंपनी हे उत्तर असू शकतं. प्रवासाचा असेल तर जवळचं काम. कामाचाच असेल, तर मग लाईन बदला. औषध आजार बघून घ्यायचं असतं.

तेलाचा हिशेब

मग आम्ही तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हिशेब मांडला. दादांनी बाजारात विचारून काढलेले भाव होते, तुमच्याकडे वेगळे असतील. पद्धत बघा.

शेंगदाणा १० किलो, १२० रुपये भावानं १,२०० रुपये. दुसऱ्याच्या घाण्यावर गाळून घ्यायची मजुरी किलोला १५ प्रमाणे १५० रुपये. तेल निघतं साधारण ४ लिटर. बाटली आणि लेबल प्रत्येकी १५, म्हणजे ६० रुपये. एकूण खर्च १,४१०. पेंड ६ किलोच्या आसपास, ४० रुपये भावानं २४० परत आले. राहिले १,१७०. भागिले चार, म्हणजे एक लिटर तेल पडलं २९२ रुपये ५० पैशांना. विकलं ३५० ला, तर हातात राहतात ५७ रुपये ५० पैसे.

दादांच्या घरचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट ३०,०००. म्हणजे महिन्याला ५२२ लिटर तेल विकायला हवं. एक घर महिन्याला ३ लिटर घेतं असं धरलं तर १७४ घरं लागतील. एकदा घेऊन सोडणारी नाही, दर महिन्याला घेणारी. आणि तेवढ्या तेलाला महिन्याला १,३०० किलोच्या वर दाणा, म्हणजे दीड लाखाहून जास्त रक्कम फक्त मालात फिरत राहणार. यात गाडीचं पेट्रोल नाही, उधारी नाही, फुटलेली बाटली नाही, स्वतःची मजुरी नाही.

दादांनी मशीनची किंमत पाठ केली होती, कोटेशन खिशात होतं. १७४ हा आकडा मात्र त्यांनी पहिल्यांदाच बघितला. मी विचारलं, "आज किती घरं सांगू शकता नावानिशी?" त्यांनी बोटांवर मोजली. अकरा झाली, त्यातली चार भावकीतली.

आपल्यातल्या बहुतेकांचं इथेच चुकतं. मशीन आधी येतं, गिऱ्हाईक नंतर शोधतो. मशीनवाला तर म्हणणारच, 'माल आम्ही उचलू.' २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातलं कडकनाथचं प्रकरण आठवा. पक्षी आणि अंडी परत विकत घेण्याच्या हमीवर किती जणांनी पैसे घातले आणि हात पोळून घेतले! तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्यानं आणून देण्याची हमी दिली, तर तो धंदा तुमचा नाही. तुम्हीच त्याचं गिऱ्हाईक आहात.

नोकरीत असतानाच करायच्या गोष्टी

आता जरा कागदपत्रांचं बोलू, कारण रागात राजीनामा देणारा माणूस हे बघत नाही.

ग्रॅच्युइटी बघा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क मिळतो. शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. दादांचा बेसिक-डीए १८,०००, नोकरी १६ वर्षं, म्हणजे साधारण १ लाख ६६ हजार. ही रक्कम धंद्यात घालायची नाही. घराच्या खर्चासाठी वेगळी ठेवायची.

पीएफला हात लावू नका. पेन्शन योजनेत दहा वर्षं सेवा भरलेली असेल तर ५८ व्या वर्षापासून थोडी का होईना पेन्शन मिळते. ते खातं मोडून मशीन घेतलं, तर म्हातारपणाचा आधार घाण्यात घातला म्हणायचं.

कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा, कारण आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत काही वर्षं थांबावं लागतं. आईवडिलांचं वय बघा आणि मग ठरवा.

आणि अनुदान. पीएमईजीपीमध्ये स्वतःचा हिस्सा खुल्या गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के घालावा लागतो, आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. योजना चांगल्या आहेत, जरूर घ्या. पण उरलेलं कर्ज असतं आणि त्याचा हप्ता चालू होतो. अनुदान मिळतंय म्हणून धंदा निवडणं, म्हणजे हुंडा बघून लग्न करण्यासारखं आहे.

नवा खोंड कसा जुंपतात?

आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला बैलाचं मी काय सांगणार? तुमच्याकडे बैलगाडा शर्यतीचं वेड घराघरात आहे. पण शेतीच्या कामात नवा खोंड कसा शिकवतात ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्याला एकट्याला कोणी औताला धरत नाही. शेजारी जुना, शांत बैल असतो. खोंड बिथरला तरी जुना औत धरून ठेवतो. खोंड रुळला की मग जुन्याला आराम.

तुमची नोकरी हा तो जुना बैल आहे. त्याचा कंटाळा आला असेल, तो हळू चालत असेल, पण नवा रुळेपर्यंत त्याला सोडू नका.

काही जण म्हणतील, सर, असं दोन दगडांवर पाय ठेवून धंदा होत नाही, पूर्ण वेळ द्यावाच लागतो. बरोबर आहे. एका टप्प्यानंतर द्यावाच लागतो, आणि त्या वेळी जो घाबरतो त्याचा धंदा कायम जोडधंदाच राहतो. कंपनीच बंद पडली, काँट्रॅक्ट संपलं, तर निवड करायला वेळही मिळत नाही, हेही मला मान्य आहे. म्हणून तर म्हणतो, पगार चालू आहे तोवरच सुरुवात करा. फक्त सुरुवात म्हणजे राजीनामा नव्हे. सुरुवात म्हणजे पहिलं गिऱ्हाईक.

एक मात्र तपासून घ्या. नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल तर ती अट नीट वाचा. घरातल्या माणसाच्या नावानं धंदा करायचा असेल तर तो खरोखर त्यांचा असू द्या, नुसतं पाटीवर नाव नको.

घरी आकडा सांगितला का?

शेवटचा प्रश्न मी दादांना विचारला तो हा. म्हणाले, "तिला माहितीये तेलाचं. हो म्हणाली." मी विचारलं, "किती पैसे लागणार, किती बुडू शकतात, हा आकडा सांगितलाय?" नव्हता सांगितला.

स्वप्न सांगणं सोपं असतं. 'आपण आपला धंदा करू' म्हटलं की घरचेही खूश होतात. आकडा सांगताना जीभ अडखळते. पण धंदा बुडाला तर बुडणारा आकडा दोघांचा असतो, पोरांच्या फीचा असतो. म्हणून एक रक्कम ठरवा, घरात बसून, वहिनींच्या समोर, कागदावर लिहून. 'इतके पैसे आणि इतके महिने. यापुढे एक रुपया नाही.' मी हे केलं असतं तर ते गंठण आज घरात असतं.

दादांचं पुढे काय झालं?

राजीनामा त्या दिवशी दिला नाही. मशीनही घेतलं नाही. दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, दुसऱ्याच्या घाण्यावर दाणा गाळून घेतात आणि वहिनी बाटल्या भरून गावात, मंचरला आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला राहणाऱ्या स्टाफच्या घरी पोचवतात. नोंदणी वहिनींच्या नावानं आहे आणि हिशेबाची वहीही त्यांच्याच हातात आहे. पाच महिन्यांत ३८ घरं झाली. १७४ ला अजून खूप अंतर आहे.

मध्ये एक गंमत झाली. तिसऱ्या महिन्यात त्या घाण्याचं मशीन अडकलं. मालक पुण्याहून माणूस बोलावणार होता, दोन दिवस जाणार होते. दादांनी बाह्या सरसावल्या आणि तासाभरात मशीन चालू करून दिलं. मालकानं त्या दिवशीची मजुरी घेतली नाही. पुढच्या आठवड्यात ओळखीच्या दुसऱ्या घाणेवाल्याचा फोन आला, मग एका गोठ्यावरून मिल्किंग मशीनसाठी. आता महिन्याला तीन-चार दुरुस्त्या होतात. त्यात माल अडकत नाही, बाटली फुटत नाही, पैसे हातोहात.

तेल की दुरुस्ती, हे दादांनी अजून ठरवलेलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण हात त्यांचे आहेत आणि घरही त्यांचं आहे. मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा विचारलं, राजीनाम्याचं काय? म्हणाले, "आहे की फोनमध्ये. तारीख टाकायची राहिलीये. आता ती रागात नाही टाकणार, वही बघून टाकणार."

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा राजीनामा असेल तर राहू द्या. पुसू नका आणि पाठवूही नका. आज रात्री एक कागद घ्या. घरचा महिन्याचा खर्च लिहा, एका नगामागे सुटणारा नफा लिहा, भागाकार करा आणि किती गिऱ्हाईकं लागतील तो आकडा काढा. मग त्याखाली नावानिशी जितकी येतील तितकी लिहा. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे तुमचं पुढच्या सहा महिन्यांचं काम.

आणि तो जुना व्हिडिओ मी चॅनेलवरून काढून टाकलाय.

भेटू पुढच्या आठवड्यात.